पाण्याचा माग

मी व्यवसायाने शाळामास्तर आणि छंदाने कादंबरीकार. यंत्रशास्त्राशी माझा संबंध मॅट्रिकच्या शास्त्राच्या पुस्तकापुरताच, आणि तोही परीक्षा संपली त्या दिवशी सुटला. तेव्हा ऐन दिवाळीत, चिवड्याची बशी शेजारी ठेवून अंक वाचणाऱ्या वाचकांना मी इंजिनातल्या गळतीची हकीकत सांगू लागलो, तर ते मला हसतील. हसावे. मीही आधी हसलोच होतो.

झाले असे की, माझ्या नव्या कादंबरीत मला एक लाँच भर खाडीत बंद पाडायची होती. कागदावर लाँच बंद पाडणे अगदी सोपे. "इंजिन धडधडले आणि गप्प झाले" असे मी लिहून मोकळा झालो आणि ते प्रकरण तात्यांना वाचून दाखवले. तात्या म्हणजे आमच्या गावचे जुने इंजिन ड्रायव्हर. वय पंचाहत्तरीच्या घरात. शास्त्री नदीच्या खाडीत त्यांचा उभा जन्म गेला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मास्तर, ता गप्प का झाला?"

मी म्हटले, "बिघडले म्हणून."

"आणि बिघडला का?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. तात्या म्हणाले, "माणूस मेला असा लिवताव तेवा कशान मेला ता लिवताव ना? मग इंजिनानं काय पाप केला?"

हा प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला, आणि त्याचे उत्तर मला गेल्या वर्षी गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात, त्यांच्याच पुतण्याच्या बोटीवर मिळाले.

हा पुतण्या माझा जुना विद्यार्थी. सोसायटीचे कर्ज काढून त्याने एक जुनी मासेमारीची बोट घेतली आणि इंजिनावर तात्यांना बसवले. ऑगस्टला मासेमारी सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत बोटीच्या तळात पाणी साचू लागले. बोट बंदरात उभी असली की तळ कोरडा. इंजिन चालू झाले की तासाला बादलीभर पाणी. दहा-बारा तासांच्या फेरीत खलाशी उपसून उपसून कंटाळले. पाणी दिसे ते बोटीच्या मागच्या अंगाला, जिथून पंख्याचा शाफ्ट तळातून बाहेर समुद्रात जातो त्या जागी. तिथे शाफ्टभोवती ग्लँड असते. चरबीत भिजवलेली सुतळी तिच्यात ठासून भरतात, म्हणजे शाफ्ट फिरतो पण पाणी आत येत नाही. ही सुतळी भरण्याचे काम तात्यांचे. पुतण्याने सरळ हिशेब केला : पाणी ग्लँडपाशी आहे, ग्लँड तात्यांची आहे, म्हणजे तात्यांचे हात आता चालत नाहीत. तोंडावर बोलला नाही, पण दिवाळीनंतर दुसरा ड्रायव्हर बघण्याची गोष्ट त्याने माझ्यापाशी काढली. वाडीत अशी गोष्ट लपून राहत नाही. तात्यांनी ती ऐकली आणि दोन दिवस ते बंदरावर आले नाहीत.

त्या दोन दिवसांत मी इतिहास वाचत बसलो. मास्तरांना दुसरे काय सुचणार! पण वाचता वाचता एक मोठीच गंमत हाती लागली. ती अशी की, आजच्या सगळ्या इंजिनांचा जो आद्य पूर्वज, त्याचा जन्मच मुळी थंड पाण्याच्या एका गळतीतून झाला आहे.

थॉमस न्यूकोमेन हा इंग्लंडातील डार्टमथ गावचा लोखंडाच्या सामानाचा व्यापारी. खाणीतले पाणी उपसण्यासाठी तो वाफेचे यंत्र बनवू पाहत होता. कल्पना अशी : सिलिंडरमध्ये वाफ भरायची, मग सिलिंडरबाहेरून थंड पाणी फिरवून ती निववायची. वाफेचे पाणी झाले की आत पोकळी होते आणि बाहेरची हवा दट्ट्याला खाली दाबते. तत्त्व बरोबर होते. पण बाहेरून गार करण्यात फार वेळ जाई आणि यंत्र कासवाच्या गतीने चाले. मार्टेन ट्रीवाल्ड नावाच्या एका स्वीडिश गृहस्थाने पुढे १७३४ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात यानंतरची हकीकत दिली आहे. सिलिंडरच्या पत्र्यात ओतकामाचे एक छिद्र राहिले होते, ते कथलाचा डाग देऊन बुजवले होते. वाफेच्या उष्णतेने एके दिवशी तो डाग वितळला. बाहेरचे थंड पाणी त्या छिद्रातून थेट वाफेत घुसले. वाफ एका क्षणात निवली आणि दट्ट्या अशा जोराने खाली आला की त्याची साखळी तुटली, सिलिंडरचा तळ फुटला आणि खालच्या बॉयलरचे झाकण चेपले. गरम पाणी चहूकडे सांडले. दुसरा कोणी असता तर छिद्र पुन्हा बुजवून मोकळा झाला असता. न्यूकोमेनने विचार केला की, ही गळती काहीतरी सांगते आहे. पाणी बाहेरून फिरवण्याऐवजी ते आतच फवारायचे असे त्याने ठरवले, आणि १७१२ साली डडली कॅसलजवळच्या कोळशाच्या खाणीवर त्याचे यंत्र उभे राहिले. पुढे जेम्स वॉटने १७६५ साली वाफ निववण्याचे काम वेगळ्या भांड्यात नेले आणि यंत्रयुग खऱ्या अर्थाने सुरू झाले.

यंत्र जमिनीवर होते तोवर पाणी त्याचे मित्र होते. ते बोटीवर चढले आणि पाण्याने दुसरे रूप दाखवले. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. सुरुवातीच्या आगबोटी बॉयलरमध्ये समुद्राचेच पाणी उकळीत. वाफ उडून जाई, मीठ मागे राही. आपल्या मिठागरात जे घडते तेच तिथे घडे. मग ठराविक वेळाने ते खारट पाणी बाहेर सोडायचे, नवे घ्यायचे, आणि ते तापवण्यासाठी पुन्हा कोळसा जाळायचा. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरांनी बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही ४११ टनांची आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून निघून एडनवरून सुएझला गेली, तो याच अडचणींचा काळ. एडनपर्यंत पुरेल एवढा कोळसा भरण्यासाठी तिच्या खोल्यासुद्धा कोळशाने भराव्या लागल्या होत्या.

यावर इलाज काढला सॅम्युअल हॉल या इंग्रज कारागिराने. त्याने १८३४ साली पेटंट घेतले. वाफ बारीक नळ्यांतून न्यायची, नळ्यांभोवती समुद्राचे पाणी फिरवायचे, आणि निवलेले गोडे पाणी परत बॉयलरमध्ये घालायचे. दोन पाणी शेजारी शेजारी, पण एकमेकांना शिवायचे नाही. १८३८ साली अटलांटिक ओलांडून न्यू यॉर्कला पोचलेल्या 'सिरियस' या आगबोटीवर हीच योजना होती. पण सोवळेओवळे पाळणे घरात कठीण, तर बोटीवर किती कठीण असेल! नळ्या गळत, सिलिंडरला लावलेली चरबी नळ्यांत साचे. ही युक्ती सर्वत्र रूढ व्हायला १८६० नंतरचा काळ उजाडावा लागला. आणि त्यानंतरही पहिल्या महायुद्धात ब्रिटिश आरमाराच्या मोठमोठ्या युद्धनौका या नळ्यांच्या गळतीने बेजार झाल्या होत्या. शत्रूच्या तोफांना न भिणारे जहाज एका नळीच्या सुईएवढ्या भोकापुढे हात टेकी.

आणखी एक कथा सर हंफ्री डेव्हीची. समुद्राचे पाणी लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून जहाजाला वाचवायचे म्हणून तळाला तांब्याचा पत्रा मारीत. पण खारे पाणी तांबेही खाई. डेव्हीने १८२४ साली दाखवून दिले की, तांब्याला जस्त किंवा लोखंडाचा तुकडा जोडला तर पाणी तो तुकडा खाते आणि तांबे वाचते. आपल्या कोचीनला बांधलेल्या 'समारंग' या जहाजावर असे लोखंडी तुकडे लावून प्रयोग झाला. तांबे वाचले, पण तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटून जहाज जड झाले. कारण झिजणाऱ्या तांब्याच्या विषामुळेच ते जीव लांब राहत होते! आरमाराने प्रयोग सोडला. पण डेव्हीची कल्पना मेली नाही. आज आमच्या खाडीतल्या बोटीच्या इंजिनातही जस्ताची एक कांडी बसवलेली असते. ती झिजली की बदलायची. स्वतः झिजून दुसऱ्याला वाचवणारी अशी वस्तू इंजिनातही असते, हे मला ठाऊक नव्हते.

आपल्या किनाऱ्यावर शिडाच्या होड्यांना इंजिने बसू लागली ती मुख्यतः स्वातंत्र्यानंतर. नॉर्वेच्या मदतीची योजना १९५२ साली ठरली आणि कोल्लमजवळच्या नींदकरा येथे कामाला लागली. त्याच दशकात आपल्याकडेही, सातपाटीसारख्या बंदरांत, मचव्यांवर डिझेल इंजिने दिसू लागली. जळणाऱ्या डिझेलची ढोबळ मानाने पाव ते एक तृतीयांश उष्णता पाण्यावाटे काढून टाकावी लागते, नाहीतर लोखंड लोखंडाला चिकटते. बऱ्याच इंजिनांत आजही हॉलचाच मार्ग आहे : इंजिनात आतले पाणी फिरते, आणि त्याला निववायला समुद्राचे पाणी पंपाने ओढून नळ्यांच्या पेटीतून फिरवून बाहेर टाकतात.

एवढे वाचून झाल्यावर मी तात्यांच्या घरी गेलो आणि न्यूकोमेनची गोष्ट सांगितली. ते पडवीत जाळे विणीत बसले होते. सगळे ऐकून म्हणाले, "म्हंजे पाणी दिसला तिथनं नाय, आला तिथनं बघायचा. चला."

पुतण्या बोटीवरच होता. तो काही बोलला नाही. तात्यांनीही त्याच्याकडे पाहिले नाही. त्यांनी आधी आतल्या पाण्याच्या टाकीचे झाकण उघडले. पाणी काठोकाठ होते. म्हणजे आतले पाणी गळत नव्हते. मग तळातल्या पाण्याचा रंग पाहिला. आतल्या पाण्यात हिरवे औषध घातलेले असते. ते गोडसर आणि विषारी असल्यामुळे रंग पाहिल्याशिवाय जीभ लावायची नाही, असे त्यांनी मला बजावले. रंग नव्हता. मग बोट बुडवून जिभेला लावले. "खारा."

"म्हणजे समुद्राचे," मी म्हटले.

"समुद्राचा खरा. पण ग्लँडीतनं आला काय पंपातनं आला, ह्या जीभ सांगत नाय."

त्यांनी तळ पुसून कोरडा करवला, आणि पंख्याचा शाफ्ट न जोडता नुसते इंजिन चालू केले. शाफ्ट जागच्या जागी स्थिर. दहा मिनिटांत मागच्या अंगाला पाण्याची धार लागली. ग्लँडीची सुतळी हाताने चाचपली तर ती कोरडी होती. पाणी तिच्या वरून खाली ठिबकत होते. पुतण्याने ते पाहिले आणि मान खाली घातली.

आता पाणी येते कुठून? इंजिनाभोवती रबरी नळ्या, त्यांच्या क्लिपा, सांधे, पट्टे. पट्ट्याने उडवलेले पाणी सगळीकडे पसरलेले. पुतण्याने मागच्या नळीची क्लिप तीनदा आवळली होती, कारण थेंब तिच्यावरून पडत. इथे माझा उपयोग झाला. मी वाचले होते की, आगगाडीच्या कारखान्यांत लोखंडातली चीर शोधायला पूर्वी तेल लावून पुसून टाकीत आणि वरून खडूची पूड देत; चिरेतले तेल पांढऱ्यावर उमटे. मी धावत जाऊन दुकानातून खडूचा डबा आणला. खडू कुटले, स्पिरिटमध्ये कालवले, आणि इंजिन थंड झाल्यावर पंपापासून मागपर्यंत कोरडे करून ब्रशाने रंगवले. पाच मिनिटांत स्पिरिट उडाले आणि काळे इंजिन बेंदराच्या बैलासारखे पांढरे झाले. वर्गात वीस वर्षे खडू झिजवला, पण एवढ्या उत्सुकतेने फळ्याकडे कोणी पाहिल्याचे मला आठवत नाही.

इंजिन चालू झाले. तात्यांनी आम्हांला पट्ट्यापासून हातभर लांब बसवले आणि बॅटरीचा झोत धरला. प्रथम काहीच नाही. मग पुढच्या बाजूला, पंपाच्या पोटाखाली, एक करडा ठिपका उमटला. त्याची रेघ झाली. ती रेघ पंपाच्या बैठकीवर उतरली आणि इंजिनाच्या कडेकडेने मागे चालू लागली. बोटीचे इंजिन मागे उतरते बसवलेले असते, कारण शाफ्ट खाली पंख्याकडे जायचा असतो. तेव्हा पुढे गळलेले पाणी लोखंडाला धरून मागे यायचे आणि नेमके त्या नळीवरून ग्लँडीपाशी ठिबकायचे. गुन्हा एकाचा आणि नाव दुसऱ्याचे.

इंजिन बंद करून पुतण्याने केस विंचरायचा आरसा पंपाखाली धरला. तिथे हरभऱ्याएवढे एक गोल भोक होते. व्यवस्थित पाडलेले, मुद्दामचे भोक. पुतण्या आनंदाने म्हणाला, "तात्या, एवढाच ना? लाकडाची खुंटी मारतो नि वरनं लांबी लावतो. उद्या बोट बाहेर."

तात्या इतका वेळ शांत होते. ते एकदम ओरडले, "हात लावू नको!"

मग ते खाली बसले आणि त्यांनी आम्हांला सांगितले. पंपाच्या शाफ्टवर दोन सील असतात. एक समुद्राचे पाणी अडवते, दुसरे इंजिनाचे तेल अडवते. दोहोंच्या मध्ये हे भोक ठेवलेले असते. पहिले सील झिजले की पाणी या भोकातून बाहेर रडते आणि माणसाला कळते. भोक बुजवले तर पाण्याला बाहेर वाट राहत नाही. ते दुसरे सील ओलांडून तेलात शिरते.

"तुमाला ह्या कसा ठाऊक?" पुतण्याने विचारले.

तात्या बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी बुजवला होता."

ही गोष्ट १९७० नंतरच्या एका पावसाळ्याच्या अखेरीची. तात्या तेव्हा विशीतले खलाशी, खाडीतल्या एका उतारूंच्या लाँचवर. ड्रायव्हर त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठा. त्याने तात्यांना पाने धरायला शिकवले होते. पंप गळू लागला तेव्हा ड्रायव्हरने मालकाकडे सील मागितले. मालक म्हणाला, सणाच्या दिवसांत लाँच उभी ठेवता येणार नाही. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर जेवायला गेला असता मालकाने तात्यांना विचारले, "तुला काही करता येईल का?" तात्यांनी खुंटी तासली आणि ठोकली. गळती थांबली. मालकाने पाठीवर थाप मारली. चौथ्या दिवशी भर ओहोटीत, चाळीस माणसे असताना इंजिन जाम झाले. लाँच खाडीच्या मुखाकडे वाहू लागली. एका मचव्याने दोर टाकून ओढून आणली म्हणून माणसे वाचली. इंजिन उघडले तर तेलाचे ताक झालेले. मालकाने ड्रायव्हरला त्याच दिवशी काढून टाकले. खुंटी कोणी मारली हे तिघांना ठाऊक होते. मालक बोलला नाही आणि तात्याही बोलले नाहीत. ड्रायव्हरने तात्यांकडे एकदा पाहिले, पण तोंडातून शब्द काढला नाही. पुढे तो बायकामुलांना घेऊन मुंबईला गेला, तो परत गावी आला नाही.

"मास्तर," तात्या म्हणाले, "तुमची लाँच का गप्प झाली ता आता लिवा."

त्यानंतरचे काम थोडक्यात सांगतो. समुद्राच्या पाण्याचा नळ आधी बंद केला, मग पंप उतरवला. आतल्या रबरी चक्राच्या पाकळ्या तात्यांनी मोजल्या. एक कमी भरली. ती सापडेपर्यंत त्यांनी पुढचे काम करू दिले नाही. नळ्यांच्या पेटीच्या तोंडाशी ती अडकलेली मिळाली. राहिली असती तर पाणी अडून इंजिन तापले असते. शाफ्टवरून नख फिरवले तर सीलच्या जागी बारीक खाच लागत होती. नवा शाफ्ट मिळायला महिना लागणार होता. रत्नागिरीहून सील आणि चक्र आणले. तात्यांनी सीलमागे पातळ कडे घालून ते अर्धे सूत अलीकडे बसवले, म्हणजे त्याचा ओठ खाचेवर न टेकता शाफ्टच्या गुळगुळीत भागावर टेकेल. तेल तपासले, स्वच्छ होते. पुन्हा खडू लावला, इंजिन तासभर चालवले. पांढरे ते पांढरेच राहिले. ते भोक उघडेच होते, आणि कोरडे होते.

पुतण्याने तात्यांच्या पायांना हात लावला. दुसऱ्या ड्रायव्हरची गोष्ट पुन्हा निघाली नाही. बोट तिसऱ्या दिवशी बाहेर गेली.

त्याच संध्याकाळी तात्या माझ्याकडे आले आणि म्हणाले, "एक पत्र लिवून द्या." त्या ड्रायव्हरचा मुलगा मुंबईत कुठे राहतो याचा पत्ता त्यांनी कोणाकडून तरी मिळवला होता. मी कागद घेतला. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. चार ओळींचे पत्र होते. खुंटी मी मारली होती, तुझ्या वडिलांनी नाही. हे मी तेव्हाच सांगायला हवे होते, एवढाच मजकूर. सही त्यांनी स्वतः केली. भाषा सुधारू का, असे मी विचारले. ते नको म्हणाले.

पत्राचे उत्तर दिवाळीच्या पहिल्या दिवशी आले. वडील आता नाहीत, असे मुलाने कळवले होते. पत्र आईला वाचून दाखवले. तिने ते पुन्हा एकदा वाचायला सांगितले आणि देवापाशी ठेवले. होळीला गावी येऊ, तेव्हा भेटू, असे शेवटी लिहिले होते.

तात्यांनी ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. मग पणतीत तेल घातले, वात पुढे सरकवली आणि माझ्या कादंबरीचे पुढचे प्रकरण कधी ऐकवता म्हणून विचारले.